विकण्यासाठी न घेतलेली गाडी

अरविंद गेल्याची बातमी मला शाळेत कळली. सातवीचा तास चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, तुमचा फोन आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन काढून ठेवला होता. कंपनीत ड्रॉइंग बोर्डासमोर बसल्याबसल्या त्याचं हृदय बंद पडलं होतं. या गोष्टीला आता दोन महिने होतील. रडून झालं आहे. उरला आहे तो राग, आणि तो मी गिळणार नाही. नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणून ज्यांनी पूर्वीच नाकं मुरडली होती, त्यांनी ती आणखी थोडी मुरडावीत.

दिवसकार्य व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. भेटायला आलेले एक गृहस्थ जाताना चपला घालता घालता अंगणातल्या गाडीकडे पाहू लागले आणि माझ्या धाकट्या दिरांना, सुधीरभाऊजींना, म्हणाले, "ओरिजिनल करून घ्या, चांगली किंमत येईल." मी आतून ऐकत होते. भाऊजींनी मान डोलावली.

ओरिजिनल म्हणे! अरविंदचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. क्लच दाबायचा तोच पाय. तरी त्याला गाडी हवी होती ती दोन दारांची, उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच. का, असं लग्नानंतर विचारलं तर म्हणाला, "आजवर सगळे माझ्या पुढं चालत गेले. एकदा मला पुढं जायचंय."

सत्तर सालच्या सुमारास मुंबईत अशा दोन गाड्या विकायला निघाल्याचं कळलं. आम्ही पाहायला गेलो. मॉडेल एकच, पण एक भारीतली: तारांची चाकं, चामड्याच्या सीट, रेडिओ. दुसरी साधी. पत्र्याची चाकं, रेक्झीन, आणि रेडिओच्या जागी नुसतं भोक. कंपनीतल्या मित्रांनी आधीच बजावलं होतं, "अरे राव, भारीतलीच घे. आत्ता जास्त गेले तरी पुढं विकताना वसूल होतात." अरविंद मात्र दोन्ही गाड्यांत वाकून नुसता गिअरच्या दांड्याभोवती हात फिरवत होता. भारीतल्या गाडीत तिथं चकचकीत लाकडी पेटी बसवलेली होती. साधीत जागा मोकळी होती. "हिच्यात माझी पकड बसेल," तो म्हणाला, आणि आम्ही साधी घेतली.

ही पकड म्हणजे गिअरच्या दांड्याला जोडलेला लोखंडी लीव्हर. तो मुठीत आवळला की तारेनं क्लच दाबला जायचा; पायाचं काम नाही. नकाशा त्यानं स्वतः काढला आणि भोसरीच्या एका वर्कशॉपमधून ती करून घेतली. दोनदा तार तुटली, तिसऱ्यांदा जमलं. आमचे घरमालक तात्या चिंचवडचे जुने गाववाले. ते गाडीभोवती फिरून म्हणाले, "साहेब, ह्ये काय लावून ठिवलं? उद्या इकायची म्हनली तर कोन घेनार?"

"तात्या, धोतर घेताना पुढं विकायचा हिशेब करता का?"

"न्हाई बा," तात्या हसले, आणि देहूपर्यंतच्या पहिल्या फेरीला तेच शेजारी बसले. मला मागं राहावं लागलं, कारण त्या गाडीत तिसऱ्याला जागाच नव्हती. टोपी हातात धरून बसलेले तात्या आणि एक हात स्टिअरिंगवर, एक पकडीवर ठेवून निघालेला अरविंद... इतका ऐटीत मी त्याला कधीच पाहिला नव्हता. ज्यांना या गाडीत फक्त मोडतोड दिसली, त्यांनी हे पाहिलंच नाही.

गेल्या महिन्यात मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. एका संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर ती पकड, तारेसकट. अरविंदच्या मुठीनं गुळगुळीत झालेली. मेकॅनिक हात पुसत होता. भाऊजी खुशीत म्हणाले, "वहिनी, काम झालं. उद्या पुण्याचं गिऱ्हाईक येतंय. तुमच्याच भल्यासाठी केलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला विचारायचं नाही? माझ्या नवऱ्याचा आयुष्यभराचा हट्ट तुम्ही दोन पान्यांनी सोडवून रद्दीवर ठेवणार, आणि वर माझं भलं? "आत्ताच्या आत्ता परत बसवा," मी म्हणाले. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

"अहो, पण मग हिला कोणी विचारणार नाही. आणि तुमचे पाय चांगले धड आहेत. तुम्हाला काय करायचीय ती?"

"मला दुसरी गाडी चालवता येत नाही," मी म्हणाले.

भाऊजींना हे ठाऊकच नव्हतं. तळवड्याच्या मोकळ्या रस्त्यावर रविवारी सकाळी अरविंदनं मला गाडी शिकवली होती, त्याला येत होती तशीच. पायानं क्लच त्यानं कधी दाबलाच नव्हता, मग शिकवणार कुठून? पकड बसवून झाल्यावर मी तिथल्या तिथं गाडी बाहेर काढली आणि देहूच्या रस्त्याला लागले. मूठ आवळली, गिअर टाकला. डावा पाय मी बाजूला ठेवला होता, जरा आत दुमडून, त्याच्यासारखा.