सिद्राम अप्पांचं बोरिंग हेड

सिद्राम अप्पा चोर आहेत, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आज पहाटे अप्पा गेले. दुपारी इथंच, मुरुम गावात माती झाली.

अप्पा आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री, वडिलांच्या काळापासूनचे. मी बी.कॉम. करून काउंटरवर बसलेला मालक. ज्याला काम येतं त्याच्यावर माझा पहिला संशय.

आमचं मिलिंग मशीन छोटं. त्याला बसेल असं बोरिंग हेड, म्हणजे भोक नेमक्या मापाला मोठं करायचं साधन, अप्पा स्वतःच बनवत होते.

डिझाइन एका लग्नपत्रिकेच्या मागं काढलेलं. ती पत्रिका कायम त्यांच्या खिशात. मागितली तर म्हणायचे, अजून पक्कं न्हाय.

आणि ते फोन! माझ्याकडं पाठ करून, कन्नडमध्ये. मला 'बोरिंग' तेवढं कळायचं.

मी ठरवूनच टाकलं, डिझाइन उमरग्याच्या दुसऱ्या वर्कशॉपला चाललंय.

हेड झालं. झकास झालं. डायलवर रेघा मारून अप्पा म्हणाले,
"मालक, टूल जेवढं सरकवाल त्याच्या दुप्पट भोक वाढतंय. निम्मंच सरकवा."

मला वाटलं, मुद्दाम उलटं शिकवतायत. म्हणजे त्यांच्याशिवाय मशीन चालायला नको.

एक दिवस रसवंतीवाला चरख्याचं बेअरिंग हाऊसिंग घेऊन आला. अप्पा नेमके उमरग्याला गेलेले. माझं डोकं फिरलं. मीच मशीनवर उभा राहिलो.

भोक अर्धा मिलिमीटर वाढवायचं होतं. मी टूल अर्धा मिलिमीटरच सरकवलं.

भोक एक मिलिमीटरनं वाढलं. बेअरिंग आत खुळखुळायला लागलं.

अप्पा परतले तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांदेखत मी ओरडलो, रेघा चुकीच्या मारल्यात, दिसत नसेल तर काम सोडा.

अप्पांनी डायल बघितली. मग माझ्याकडं बघितलं. आणि रसवंतीवाल्याला म्हणाले,
"चूक माझी हाय. आतून बुशचं कडं बसवून देतो. लई दिवस टिकंल."

दुसऱ्या दिवशी दिलं बसवून.

ते जेवायला गेल्यावर मी एका भंगार तुकड्यावर टूल निम्मं सरकवून बघितलं. माप बरोब्बर आलं. लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

गावभर झालं की अप्पांचा हात गेला. नाजूक कामं घेऊन येणारे आधी विचारायचे, अप्पा करणार नाहीत ना? अप्पा ते ऐकायचे आणि मशीन पुसत राहायचे. खरं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही.

आज त्यांच्या मुलानं सांगितलं, ते फोन कलबुर्गीच्या जुन्या सोबत्याला असायचे. आपलं डिझाइन कुठं चुकत तर नाही ना, एवढंच विचारायला.

अप्पा, तुम्हाला मी चार लोकांत बोललो होतो. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

रेघा बरोबर होत्या. भोक मी बिघडवलं.

हात जोडतो. शरणु शरणार्थी, अप्पा.