सुरुंगमामांनी अडवलेला डोंगर

सुरुंगमामा दगडावर हातोडी हलकेच वाजवत आणि कान लावून ऐकत. मग म्हणत, "हा पोकळ बोलतोय. इथं भोक पाडू नका." आमच्या खदानीत सुरुंगाचा परवाना त्यांच्या एकट्याकडे होता. आम्ही पोरी "अभ्यास झाला, मामा" म्हणालो की ते पुस्तकावरही बोटानं टकटक करत. "लई पोकळ वाजतंय गं!"

चिकलठाण्याच्या पलीकडची आमची वस्ती दगडावर उभी राहिली. शहरात कारखाने आणि रस्ते होत होते, खडी आमच्याकडून जात होती. पाच-सहा पालांचं बघता बघता गाव झालं. किराणा दुकान आलं, पिठाची गिरणी आली, गुरुवारी बाजार भरू लागला. लोक पत्र्याच्या घरांना रंग देऊ लागले. मामा मात्र सांगत, "दगड हाय तवर हे गाव हाय. पोरींनो, तुम्ही दुसरं कायतरी धरून ठेवा."

मी दहावीत होते तेव्हा दगड संपत आला आणि खदानीला पाणी लागलं. ठेकेदारानं वैजापूरकडं नवा डोंगर घेतला. आधी गिरणी गेली, मग दुकान. दिवाळी झाल्यावर सगळ्यांनीच निघायचं ठरलं. तिकडं जवळपास शाळा नव्हती. वस्तीत दहावीला आम्ही तिघी. माझे वडील, आबा, म्हणाले, "आपल्यात इतकं तरी कोण शिकलंय? बास झालं." ट्रॅक्टरवर सामान चढलं. माझं दप्तर भांड्यांच्या पोत्यात गेलं.

मामा मात्र बाजेवरून उठले नाहीत. "मी परीक्षा झाल्यावर येतो."

"कुणाची परीक्षा?" ठेकेदारानं विचारलं.

"ह्या तिघींची."

"मामा, तुमच्याबिगर पहिला सुरुंग कोण लावणार? काम अडंल."

"अडू द्या, शेठ. डोंगर काय पळून चाललाय?"

"मग मी दुसरा माणूस आणतो."

"आणा की! गडीबी त्याच्याकडनंच घ्या."

कुणीतरी खुदकन हसलं. एकेक गडी खाली बसला. आबा उठले आणि ट्रॅक्टरवरच्या सामानाची दोरी सोडू लागले.

ठेकेदारानं कुरकुरत पाणी उपसायला इंजिन लावलं. उरलासुरला दगड फोडत अख्खी वस्ती मार्चपर्यंत थांबली. आम्ही तिघी पास झालो.

आज तिथं कुंपणाआड हिरवट पाणी आहे. तिथं बाजार भरायचा, हे सांगूनही कुणाला पटत नाही. मी पदवीधर झाले, याच शहरात नोकरी करते. त्या दोघी शिक्षिका आहेत.

मामांचं बिऱ्हाड अजून डोंगरामागून डोंगर फिरतं. गेल्या वर्षी ठेकेदार त्यांना नवी जागा दाखवायला घेऊन गेला. आबा सोबत होते. ते हसत सांगत होते, मामा गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणाले, "डोंगर मागून बघू. आधी शाळेकडं चला."

ठेकेदारानं मुकाट्यानं गाडी वळवली.