माझ्या वाट्याला आलेला मार्क

मुलांनो, रविवारी तुमच्या पडद्यावर बदलापूरची आजी का दिसते आणि अंबरनाथची, म्हणजे मी, जेमतेमच का दिसते, हे तुम्ही मोठे झालात की कुणीतरी तुम्हाला चुकीचं सांगेल. म्हणून मीच सांगून ठेवते.

सुरुवात तुमच्या आईने केली. तिकडे परदेशात चर्चमध्ये सगळं इंग्रजीत, घरात तुम्ही भांडताही इंग्रजीत, आणि थोरलीला मेंढपाळ म्हणजे काय ते कळेना, तेव्हा तुमची आई घाबरली. तिने ठरवलं की दर रविवारी अर्धा तास एका आजीने व्हिडिओवर मुलांना पवित्र शास्त्र मराठीतून शिकवायचं. एका आजीने, हे तिने फोनवर दोनदा सांगितलं. दोघी एकदम बसल्या की एकमेकींशीच बोलत राहतात आणि मुलांना तोंड उघडायला मिळत नाही, हा तिचा अनुभव. कोण शिकवणार ते तुम्ही दोघी आपसात ठरवा, असं म्हणून ती मोकळी झाली.

आता दोन विहिणी आपसात काय ठरवणार? आपण ख्रिस्ती असलो, आपली लग्नं वेदीपुढे लागली, तरी मुलाकडचे आणि मुलीकडचे हा भेद आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. मी मुलाची आई. रीत अशी की विहीणबाईंनी "तुम्हीच घ्या" म्हणायचं, मी "छे, तुम्हीच" म्हणायचं, त्यांनी पुन्हा "नाही, तुम्हीच" म्हणायचं, आणि मग मी नाइलाज झाल्यासारखं दाखवून घ्यायचं. मी फोन केला.

त्या म्हणाल्या, "तुम्हीच घ्या."

मी म्हणाले, "छे, तुम्हीच."

त्या म्हणाल्या, "बरं."

मी सावरून म्हणाले की मुलं हल्लीची आहेत, प्रश्न विचारतील, आपल्याला तरी नीट कुठे येतंय. आपल्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब शास्त्राच्या तोंडओळखीचा वर्ग घेणार आहेत, तो आधी दोघी करू आणि मग बघू. त्यांना नाही म्हणता येईना. अशा रीतीने तो रविवार मी लांबणीवर टाकला.

वर्ग शनिवारी दुपारी, अंबरनाथच्या आपल्या चर्चमागच्या हॉलमध्ये भरायचा. पाळकसाहेब तुमच्या बाबांपेक्षाही लहान, नुकतेच शिकून आलेले. मी कारखान्यात अधिकारी होते हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण पहिल्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायला लागले. विहीणबाईंना मात्र मावशी. मॅडमला खुर्ची पुसून मिळायची, पण चहाच्या वेळी पाळकसाहेबांच्या शेजारी मावशी बसलेल्या असायच्या.

त्यांची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. ते म्हणाले, आपल्या सगळ्यांच्या डोक्यात नाताळच्या नाटकातलं बायबल आहे. एकाच गव्हाणीपाशी एका बाजूला मेंढपाळ उभे, दुसऱ्या बाजूला उंटावरून आलेले ज्ञानी लोक. शास्त्रात ते असे एकत्र कुठेच येत नाहीत. मेंढपाळ लूकने सांगितले, ज्ञानी लोक आणि तारा मत्तयने. चार शुभवर्तमानं म्हणजे चार माणसांनी चार ठिकाणच्या मंडळ्यांसाठी सांगितलेली येशूची हकिकत आहे, आणि आपण ती कालवून एक करून टाकली आहे. म्हणून वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाने एकच शुभवर्तमान धरायचं आणि बोलताना त्यात आहे तेवढंच बोलायचं. दुसऱ्याचं घ्यायचं नाही.

स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीवर मार्क आला, विहीणबाईंच्या चिठ्ठीवर लूक.

लूक म्हणजे काय, हे तुम्हाला आता माहीत आहे. गव्हाण त्याच्याकडे, देवदूत त्याच्याकडे, मरीयेचं गाणं त्याच्याकडे. वाटेत पडलेल्या जखमीला उचलणारा परका माणूस, बापाची मिळकत उडवून परत येणारा धाकटा मुलगा, झाडावर चढून बसलेला बुटका जकातदार, सगळे त्याच्याकडे. आणि मार्क? मार्कमध्ये जन्मच नाही. येशू एकदम मोठा होऊन नदीवर येतो. चारांत सगळ्यात छोटं शुभवर्तमान, आणि सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये तर ते येशूच्या कबरीवरून भ्यायलेल्या बायका पळत सुटतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, तिथेच थांबतं. मिशनच्या शाळेत मी इंग्रजीतून शास्त्र शिकले, घरी दोन जाड टीकाग्रंथ आहेत, पेन्सिलीने खुणा करून वाचलेले. आणि वाट्याला हे.

"छान आहे तुमचं," विहीणबाई म्हणाल्या. "आटोपशीर."

पुढे एका शनिवारी मला थोडा दिलासा मिळाला. पाळकसाहेबांनी सांगितलं की बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क सगळ्यांत आधी लिहिला गेला, आणि मत्तय आणि लूक यांनी लिहिताना मार्क समोर ठेवला असावा. त्या दिवशी मी मुद्दाम विहीणबाईंना रिक्षापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, ऐकलंत ना, तुमच्या लूकने आमच्याच पुढ्यातलं उचललं.

"असेल हो," त्या रिक्षात बसत म्हणाल्या. "तुमच्या घरची आमटी आमच्याकडे आली आणि तिला फोडणी बसली."

रिक्षावालासुद्धा हसला.

मग सुरुवातीच्या मंडळीच्या शिकवणुकीचे धडे आले. पुत्र पित्याच्या, म्हणजे येशू देवाच्या, बरोबरीचा की थोडा कमी, यावर चौथ्या शतकात बिशप लोक कसे वर्षानुवर्षं भांडले, ते मी आदल्या दिवशी वाचून तयार होते. मला कुणी विचारलं नाही. विहीणबाईंनी काही वाचलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ विचारलं की बाप आधी आणि मुलगा नंतर हे तर दिसतंच, मग दोघं बरोबरीचे कसे? पाळकसाहेब खूश झाले. म्हणाले, मावशी, नेमका हाच प्रश्न तेव्हाच्या लोकांनी विचारला होता. मग त्यांनी सावकाश समजावलं. मूल होईपर्यंत कुणी बाप नसतो. पिता अनादी काळापासून पिता असेल, तर पुत्रही तेव्हापासून असलाच पाहिजे. एकाशिवाय दुसऱ्याला ते नावच मिळत नाही.

घरी येताना मी त्यावर विचार करत होते. थोरलीचा जन्म झाला त्या क्षणी मी आजी झाले आणि त्याच क्षणी विहीणबाईही आजी झाल्या. दोघी बरोबरीच्या. शास्त्र म्हणून मला ते पूर्ण पटलं. आमच्या बाबतीत पटलं नाही.

नाताळ जवळ आला तशी तुमच्या आईने पुन्हा विचारणा केली. अजून ठरत नाही म्हटल्यावर तीच म्हणाली, एकेक रविवार घेऊन बघा, मुलांना ज्यांचं आवडेल त्यांनी पुढे चालवायचं. पहिला रविवार मला मिळाला. मी उल्हासनगरला जाऊन फोन ठेवायचा स्टँड आणला, गोल दिव्याचा. दुकानदाराने विचारलं, "आंटी, कुकिंग चॅनल?" मी नाही म्हटलं. पुढचं सांगत बसले नाही.

तो रविवार तुम्हाला आठवत असेल. मी यार्देन नदीपासून सुरुवात केली. मार्क जसा करतो, तशीच. धाकट्याने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "आजी, बेबी जीझस कुठाय?"

"मार्कमध्ये बाळ येशू नाही," मी सांगितलं.

"मग स्टार?"

"तोही नाही. तो मत्तयमध्ये."

"मेंढ्या?" थोरलीने विचारलं. नवा शब्द तिने मुद्दाम माझ्यासाठी वापरला होता, हे मला नंतर कळलं.

"त्या लूकमध्ये."

धाकटा पडद्याच्या अगदी जवळ आला. "आजी, तुझं बायबल तुटलंय का?"

नाही म्हणून सोडून द्यायला हवं होतं. पण मी त्याला जुन्या प्रती आणि नव्या प्रती यांतला फरक सांगायला लागले. त्याचा चेहरा पडद्यावरून बाजूला गेला, मग नुसतं छत दिसायला लागलं, मग तुमची आई आली आणि म्हणाली, आज ही दोघं जरा दमली आहेत.

पुढच्या रविवारी विहीणबाईंनी मला बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी बोलावलं, "तुम्ही असलात की धीर येतो," म्हणून. खरं तर मला दाखवायलाच बोलावलं होतं. मी खिडकीशी, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, मटार सोलत बसले. त्यांच्याकडे स्टँड नव्हता, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यांनी बेथलेहेमचे मेंढपाळ थेट बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरात नेले. घोंगड्या पांघरून बसलेले, एकाचं कोकरू हरवलेलं, कुत्रं भुंकतंय, आणि वर आभाळ उजळलंय. तुम्ही दोघं पापणी न हलवता ऐकत होतात. मग देवदूत आले. मग गव्हाण आली. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, तारा आला आणि त्याच्या मागून तीन उंट.

मटाराची शेंग माझ्या हातात तशीच राहिली. लूकमध्ये तारा नाही. उंट तर मत्तयमध्येसुद्धा नाहीत, ते नाटकातले. पण तुम्ही टाळ्या वाजवत होतात आणि धाकटा म्हणत होता, "आजी, अगेन, परत सांग."

पुढच्या शनिवारची मी कधी नव्हे इतकी वाट पाहिली. वर्ग सुरू होताच उभी राहिले आणि कुणाचं नाव न घेता म्हणाले की काही जण लूक सांगताना त्यात मत्तय मिसळतात. विहीणबाई पदर सावरत हसल्या.

"नातवंडांना तारा हवा होता," त्या म्हणाल्या. "घरात नव्हता. शेजारून वाटीभर मागून आणला, विरजणासारखा."

सगळा हॉल हसला. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "मॅडम, तो नियम या खोलीपुरता होता. चौघांचे आवाज वेगवेगळे ऐकू यावेत म्हणून. घरी मुलांना सांगताना कुणी पाळायला सांगितला?"

तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की घरीही पाळायचा. मला नियम सांगितला की मी तो दारापाशी काढून ठेवत नाही. नोकरीत याचीच बढती मिळाली होती. इथे त्यापायी रविवार गेला. त्याच संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला, फार गोड आवाजात. तो आवाज ऐकूनच मला कळलं.

तेव्हापासून रविवार विहीणबाईंचा. त्या मला आग्रहाने बोलावतात आणि मीही जाते, चिखलोलीच्या नव्या इमारतींवरून, रिक्षाने. न जाऊन तुम्हाला बघायचं तेवढंही कशाला घालवू? खिडकीशी बसते. विहीणबाई चहा देतात, पहिला मला, मुलाची आई म्हणून. मान सगळा माझा आणि मुलं सगळी त्यांची. चहा चांगला असतो, पण मी कधी तसं म्हटलेलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या रविवारची गोष्ट. विहीणबाई बागेतली रात्र सांगत होत्या, येशूला पकडून नेलं ती. थोरलीने विचारलं, मग त्याचे फ्रेंड्स काय करत होते? विहीणबाई अडखळल्या. लूकमध्ये मित्र पळून गेल्याचं कुठे आलेलंच नाही. त्या म्हणाल्या, होते तिथेच कुठेतरी, बिचारे, दुःखात.

"पळाले," मी खिडकीतून म्हणाले.

मी बोलणार नव्हते. तोंडातून गेलं.

"कोण बोललं?" धाकट्याने विचारलं.

"सगळेच्या सगळे पळाले," मी म्हणाले. "आणि एक पोरगा होता, अंगावर नुसती चादर गुंडाळून मागोमाग आलेला. शिपायांनी त्याची चादर धरली, तर तो चादर त्यांच्या हातात सोडून नागडाच पळाला."

मग धाकटा असा हसला की खुर्चीवरून खाली गेला. थोरली हसू दाबत म्हणाली, "खरंच बायबलमध्ये आहे? आजी, खरं?"

तिने विहीणबाईंना विचारलं होतं. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नाही. यांच्याकडे आहे."

"फक्त मार्ककडे," मी म्हणाले. "चौघांत फक्त त्याच्याकडे."

"आजीला दाखव, आजीला दाखव," धाकटा ओरडायला लागला, आणि ही आजी म्हणजे मी होते. विहीणबाईंनी साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन लगेच उचलला नाही. आधी त्यावरची बोटांची खूण पदराने पुसली. मग हळूहळू तो माझ्या बाजूला वळवला. त्यांच्या तोंडावर त्या वेळी जे होतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इतके महिने ते मी आतून ओळखत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी तुम्हाला तो पोरगा पुन्हा सांगितला. मग त्याच्या चादरीचं पुढे काय झालं ते विचारलंत, तर मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत नाही असं म्हणाले, आणि तुम्ही दोघांनी मिळून शेवट रचलात. जुन्या प्रतींबद्दल मी एक अक्षर काढलं नाही.

आता रविवारी शेवटची काही मिनिटं माझी असतात, थोरलीने ठरवून दिली तशी. मला अर्धा तास हवा होता, अजूनही हवा आहे, आणि विहीणबाईंना ती काही मिनिटंही द्यायची नाहीत, हेही मला दिसतं. परवा मी निघाले तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या.

"पुढच्या रविवारी काय सांगणार आहात?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बघू."

"आधी सांगितलंत तर मला पुढचं जुळवून घेता येईल."

"नाही सांगणार," मी म्हणाले, आणि कठड्याला धरून खाली उतरले.