अस्वलावर पडलेला माणूस

आमच्या गावात मला सगळे पैलवान म्हणत. मी आयुष्यात एकही कुस्ती खेळलेलो नाही. जवळचा आखाडा आरमोरीला होता. तिथे एकदा गेलो होतो, पण माती ओली होती म्हणून बाहेरूनच परतलो.

पैलवान झालो तो चैत महिन्यात. मी आणि माझा मित्र पहाटे मोहफुलं वेचायला गेलो होतो. आम्ही दोघं एकाच वयाचे, शेजारशेजारच्या घरांतले. तो झाडाखाली वेचत होता आणि मी फांदी हलवायला वर चढलो होतो. मोहफुलं अस्वलालाही आवडतात, हे झाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण ते अस्वल आपल्याच झाडाखाली येईल असं कुणाला वाटत नाही. ते आलं आणि थेट मित्राच्या अंगावर गेलं. तो ओरडला. मी घाईघाईनं उतरायला लागलो, मदतीला की पळायला हे मला आजही सांगता येत नाही. तेवढ्यात फांदी मोडली आणि मी अस्वलाच्या पाठीवर पडलो. धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याचे केस धरले. अस्वल माझ्याहून जास्त घाबरलं असावं. ते मला घेऊन थोडं पळालं, एका झुडपात टाकलं आणि निघून गेलं.

पलीकडच्या झाडाखाली गावातली चारसहा माणसं होती. त्यांनी एवढंच पाहिलं, की अस्वल मित्राला सोडून पळतंय आणि मी त्याच्या मानेला मिठी मारून बसलोय.

आम्ही गावात पोचेपर्यंत मी अस्वलाला उचलून आपटलं होतं. हनुमान जयंतीपर्यंत अस्वलं दोन झाली. मी ज्याला त्याला सांगत होतो, की मी पडलो. पाटील म्हणाले, "खरा बहाद्दर असाच बोलते." मग गावानं वर्गणी काढून मला चांदीचं कडं केलं. ते घालताना पाटलांनी मित्रालाही पुढे बोलावलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "हा तो, ज्याले वाचवलं."

मित्राच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत नखांच्या खुणा राहिल्या होत्या. कुठे लग्नाला गेलो की लोक आधी माझ्या पाया पडत आणि मग त्याचा गाल पाहत. पूर्वी आम्ही एकाच ताटात आंबील प्यायचो, ते हळूहळू बंद झालं.

पैलवान होणं म्हणजे दिवसभर कुठेतरी जाणं. गाडी चिखलात रुतली, बोलवा. बैल विहिरीत पडला, बोलवा. कुणाच्या सुनेच्या अंगात आलं, तरी बोलवा. मी जायचो, इतरांबरोबर हात लावायचो, गाडी निघायची आणि श्रेय मला मिळायचं. बाकीचे सहा जण चिखल पुसत घरी जायचे. तेही खूश कसे असायचे, हे मला कधी कळलं नाही.

एकच माणूस होतं ज्याचा या गोष्टीवर विश्वास नव्हता. आरमोरीच्या बाजारात एक विणकर कोशाचं रेशमी कापड घेऊन बसायचा. त्याची मुलगी सोबत असायची. एकदा मी शेल्याचा भाव विचारला, तर शेजारचा दुकानदार म्हणाला, "अगं, हा तोच पैलवान, अस्वलवाला!" तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पडले होते नं तुमी?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "व्हय."

"मले वाटलंच. हात तर काडीसारखे हायेत."

त्या दिवसापासून मी दर बाजारी जायला लागलो. शेला काही घेतला नाही. वर्षभरात आमचं ठरलं. जात वेगळी होती, तिचा बाप तापट होता, आणि त्याच्याशी बोलायला मीच जायचं होतं. तिनं दोनदा दिवस ठरवला आणि दोन्ही वेळा मला कुणीतरी गाडी काढायला नेलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "या बाजारी नाई आले, तर मंग कवाच येऊ नका."

तो बाजार आला आणि त्याच सकाळी पाटलांनी निरोप धाडला. आमच्या शिवेवर ठेकेदाराचा लाकडाचा डेपो होता. तिथला दिवाणजी देवाचं मोहाचं झाड तोडायला निघाला होता. त्या झाडाखाली आमच्या गावचे आणि पलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरचे म्हणजे वस्तीवरचे, सगळेच नवस फेडायचे. पाटील म्हणाले, "तू नुसता उभा राह्य. तुले बोलाची गरज नाई." मी उभा राहिलो. दिवाणजी बैलगाडीतून आला आणि मला पाहून त्यानं गाडी तशीच पुढे हाकायला सांगितली. मी नुसता चाकाला हात लावला. बैल बुजले, गाडी कलली आणि दिवाणजी चिखलात बसला. सगळं गाव हसलं. तो उठून म्हणाला, "याद ठेवजो पैलवान." झाड वाचलं. मी आरमोरीला पोचलो तेव्हा बाजार उठला होता आणि तिची जागा झाडून ठेवलेली होती.

त्यानंतर काही दिवसांनी दिवाणजी नाल्याकाठी मेलेला सापडला. मान मोडलेली होती आणि हाताजवळ माझं चांदीचं कडं पडलं होतं.

आता कड्याचं सांगायला हवं. ते मला सैल होत होतं म्हणून मी ते मित्राजवळ दिलं होतं. तो त्याच डेपोत लाकडांवर खुणेचा हातोडा मारायचं काम करायचा आणि अधूनमधून आरमोरीला जायचा. सोनाराकडून लहान करून आणतो म्हणाला होता. म्हणजे कडं त्याच्याजवळ होतं, आणि हे त्याला व मला सोडून कुणालाच माहीत नाही असं मी समजत होतो.

ठाणेदारानं मला कडं दाखवून विचारलं, "हे तुझंच नं?"

मी म्हणालो, "माझंच."

"मग तिथं कसं गेलं?"

मी गप्प बसलो. मला वाटलं, मित्रानंच मारलं असावं. दिवाणजी त्याला सगळ्यांदेखत 'गालफाट्या' म्हणायचा. मी कड्याची गोष्ट सांगितली असती तर त्याला नेलं असतं. त्याच्या घरी म्हातारी आई आणि बायको होती. मी बिनलग्नाचा, आणि नुकतंच माझं ठरलेलं लग्नही मोडलं होतं. तेव्हा गप्प बसणं मला सोपं वाटलं. त्यात मोठेपणा होता असं मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तर कदाचित बोललो असतो.

ठाणेदार चावडीसमोर चिंचेखाली खुर्ची टाकून बसला आणि गावाच्या जबान्या घ्यायला लागला. माझ्या गावानं मला वाचवायचं ठरवलं होतं.

पाटील म्हणाले, "साहेब, हा लय भला माणूस हाय. मनात आणलं तर अख्ख्या डेपोच्या माना मोडन, पण आजपावेतो एक मोडली नाई."

ठाणेदारानं लिहून घेतलं.

एक म्हातारी पुढे आली. "त्याच्या हातात देव हाय जी. अस्वलाची मान त्यानं अशी फिरवली."

"एका हातानं?"

"एका बोटानं, साहेब."

हेही लिहून घेतलं. असे बरेच जण बोलले. माझ्याबद्दल कुणी एक वाईट शब्द काढला नाही. शेवटी माझी आई उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, त्याले धानाचं पोतं उचलता येत नाई." ठाणेदार म्हणाला, "आई हो, आई असंच बोलणार." आणि शिपायानं माझ्या हाताला दोरी बांधली. ती त्यानं दोन पदरी बांधली.

ठाण्यात मला मारलं नाही. शिपाई माझ्याशी आदरानं वागत. एकाचा खांदा धरला होता. तो रोज सकाळी कोठडीच्या गजांशी पाठ करून बसायचा आणि माझ्याकडून खांदा चोळून घ्यायचा. फरक पडतो म्हणाला. मला चांद्याच्या मोठ्या तुरुंगात न्यायचं होतं, पण गाडीची सोय होईपर्यंत तिथेच ठेवलं होतं. मी गजांतून आवारातल्या जप्तीच्या पोत्यांकडे पाहत बसायचो. फाशी होते की काळं पाणी, एवढाच विचार डोक्यात असायचा. काळं पाणी बंद झाल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी आई भात आणि लाखोळीची डाळ घेऊन आली. तिच्यासोबत विणकराची मुलगी होती. आईनं तिला त्याआधी पाहिलेलं नव्हतं. दोघी एकाच बैलगाडीतून आल्या होत्या, आणि वाटेत काय बोलणं झालं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आई शिपायाशी बोलायला गेली. मुलगी गजांजवळ आली.

"तुमी मारलं?"

"नाई."

"मले ठाऊक हाय. कडं कुठी होतं?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि तिला सांगितलं. मित्राचं नाव घेताना तिला शपथ घातली. तिनं ती ऐकून घेतली, पण शपथ घेतली नाही.

"म्हणजे त्यानं मारलं असं वाटते तुमाले?"

"वाटते."

"आन् म्हणून तुमी फासावर जाऊन राह्यले?"

"दुसरं काय करू?"

"एकदा अस्वलावर पडून भागलं नाई का तुमचं?" तिचा आवाज चढला. शिपाई वळून पाहायला लागला. "त्याले इचारलं तरी? नाई नं? तुमाले लोकाइनं पैलवान म्हटलं आन् तुमाले ते खरं वाटाले लागलं."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आई परत आली तेव्हा ती आईला म्हणाली, "चला बाई, एका घरी जाचं हाय," आणि दोघी माझ्या जेवणाचा डबा तसाच ठेवून निघून गेल्या.

त्या मित्राच्या घरी गेल्या. तो अंगणात बसून दोरी वळत होता. आई सांगायची, की मुलीनं त्याला रागावून काही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमी मारलं असं समजून तो गप्प बसला हाय." मित्रानं दोरी खाली ठेवली. त्याला वाटत होतं, की मी कड्याचं सांगितलंय आणि आज ना उद्या पोलीस येतील. रोज तो त्याचीच वाट पाहत होता. मी गप्प असेन हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं सदरा चढवला आणि त्यांच्याच गाडीत बसला.

दिवस मावळायच्या आत तो ठाणेदारासमोर उभा होता. मी गजांतून ऐकत होतो.

"साहेब, कडं माझ्याजवळ होतं. सोनाराकडं न्याचं होतं, पण मी नेलंच नाई. डेपोत घालून फिरत होतो. मले घालाचं होतं एकदा. डेपोच्या मुकादमानं पाह्यलं. म्हणाला, मलेबी असंच बनवाचं हाय, दोन दिवस राहू दे. मी देलं. मंग दिवाणजी मेला."

"इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"

मित्र म्हणाला, "साहेब, आणखी एक. हा अस्वलावर पडला होता."

"म्हणजे?"

"त्यानं धरलं नाई. फांदी मोडली आन् हा पडला. मी खाली होतो, मले सारं दिसत होतं. गावात इचारू नका, गाव नाई सांगणार."

ठाणेदारानं पेन खाली ठेवलं. मग मला बाहेर काढायला लावलं आणि जप्तीच्या धानाचं एक पोतं दाखवून म्हणाला, "उचल." मी खरोखर प्रयत्न केला. पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि माझ्याच पायावर पडलं. खांदा धरलेला शिपाई तोंड फिरवून उभा राहिला.

मुकादम डेपोत नव्हता. सिरोंच्याकडे त्याचे नातेवाईक होते. तिकडे जायला नदीवर डोंग्यात चढताना तो सापडला. त्यानं कबूल केलं, की तो आणि दिवाणजी लाकडांच्या थप्पीवर बसून मोहाची पीत होते, दिवाणजीनं काही घाण बोलल्यावर यानं ढकललं, दिवाणजी डोक्यावर पडला आणि मान मोडली. बाकीचं त्यानं शुद्धीत केलं. प्रेत नाल्यावर नेलं आणि कडं टाकलं. असं का केलंस विचारल्यावर म्हणाला, "साहेब, माना मोडाले तो मशहूरच होता." चांद्याच्या कोर्टात त्याला सजा झाली. मी साक्ष द्यायला गेलो तेव्हा त्यानं मला नमस्कार केला.

मी सुटून गावात आलो तर कुणी हारतुरे आणले नाहीत. पाटील चावडीवरून उठून आत गेले. पोत्याची गोष्ट माझ्या आधी पोचली होती. लोक मला वाईट बोलत नसत, फक्त बोलवत नसत. जबानी दिलेली म्हातारी एकदा वाटेत भेटली आणि म्हणाली, "तू आमाले खोटं पाडलं, बापू." तिला खरंच वाईट वाटलं होतं. मी माफी मागितली.

विणकराकडे मात्र गेलो. तो म्हणाला, "पैलवान घरात नको होता मले. रोज कोणी ना कोणी दारात येते." जातीवरून तो पुढे बरेच महिने अडून बसला, पण मुलगी त्याच्याहून जास्त अडून बसली. लग्न झालं. मी आरमोरीला राहायला गेलो आणि सासऱ्यानं मला मागावर बसवलं. माझ्या हाताचं पहिलं कापड त्यानं स्वतःलाच ठेवलं, विकण्यासारखं नव्हतं म्हणून.

मित्र बाजाराच्या दिवशी यायचा. आम्ही हॉटेलात चहा प्यायचो, पावसाचं बोलायचो. त्या दिवसांबद्दल मी कधी काढलं नाही, त्यानंही नाही. पुष्कळ वर्षांनी त्यानंच एकदा काढलं.

"मी इतके दिवस गप्प काऊन होतो, तुले इचारावं वाटलं नाई कधी?"

"वाटलं."

"मंग?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राह्यलो."

त्यानं कपातला चहा बशीत ओतला, पण प्याला नाही. "पहिल्या दिवशी भेव वाटलं," तो म्हणाला. "मंग लोकं माझ्याकडं याले लागले. पैलवान लहानपणी कसा होता, रागीट होता का, सारं मलेच इचारत. ओट्यावर गर्दी व्हायची. मले बरं वाटत होतं. खोटं नाई सांगत. बरं वाटत होतं."

तो मनापासून बोलत होता आणि मी ते ऐकलं, एवढंच. हॉटेलवाला बशी उचलायला आला तेव्हा मित्रानं ती एका घोटात संपवली. मग आम्ही मासळीच्या बाजारात गेलो. त्यानं वैनगंगेचे ताजे मासे घेतले, निम्मे माझ्या बायकोसाठी पानात बांधून दिले आणि संध्याकाळच्या मोटारीनं गावाला गेला.