माळ राखायची पाळी

आटपाडीच्या पूर्वेला एका वस्तीवर सुलाबाई राहायची. नवरा गेल्यापासून मेंढरं तीच चारायची. वस्तीचा माळ सगळ्यांचा होता, म्हणूनच तो उजाड होत चालला होता. कोवळं गवत वर आलं की ज्याची मेंढरं आधी पोचतील त्याचं साधायचं. थोडं थांबलं तर गवत गुडघाभर वाढेल, हे सगळ्यांनाच कळत होतं.

त्र्याण्णव साली सुलाबाई घरोघर फिरली. "गवत वाढंपातूर माळावर कुणीच जायाचं न्हाई," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलवल्या. तिनं आपली मेंढरं लांब ओढ्याकडं नेली. परत येऊन बघते तर बाकीच्यांनी माळ पार खरडून नेलेला.

पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा निघाली. पाय दुखत होते, त्याच दारात तेच बोलायचा वीट आला होता. शेजारचा नानासो म्हणाला, "आवं, मी थांबतो की. पण बिरा थांबंल ह्याचा भरवसा काय?"

पलीकडच्या घरचा बिराही नानासोबद्दल हेच बोलला होता. सुलाबाई उंबऱ्यावरच बसली.

"मग समद्यांची मेंढरं एकाच कळपात घालू," ती म्हणाली. "रोज दोन घरांनी मिळून ओढ्याकडं न्यायाची. एकमेकांच्या डोळ्यांदेखत चोरून माळावर कोण जाईल रं?"

"हे जमंल," नानासो म्हणाला. मग बिरासकट बाकीची घरंही तयार झाली.

भादव्यात निम्मा माळ गवतानं भरला. वस्तीतल्या बायका तिला माळ बघायला बोलवायला आल्या.

"बघितलाय," सुलाबाई म्हणाली. "उद्या कळप न्यायाची माझी पाळी हाय, पडू द्या जरा." आणि घोंगडं ओढून ती आडवी झाली.