सरकलेलं चित्र आणि खाडीकडचा फ्लॅट

"मना माझ्या लाईफच दिसत नाय, तं मी खेलू कसा?" हरेश्वरदादांनी कंट्रोलर सोफ्यावर आपटला.

"तू आदी धड खेलायला शिक," त्यांचा धाकटा भाऊ जितू म्हणाला.

दोघांचीही पन्नाशी उलटलेली. मी हातात टूलबॅग घेऊन दारातच उभी होते आणि मला अजून कोणी आत या म्हटलं नव्हतं. शेवटी त्यांची आई म्हणाली, "ये बाय, बस. ह्यांचा असाच चालतो."

मी कोलशेतच्या एका कारखान्यात टीव्हीच्या टेस्टिंगला होते. कारखाना बंद झाला, मी रिटायर झाले आणि डोंबिवलीला घरीच जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायला लागले. लोकांना बालपण परत हवं असतं, पण एचडीएमआय केबलवर. त्यामुळे काम बरं चालतं.

बाळकुमच्या ह्या घराचं प्रकरण असं होतं. वडिलोपार्जित जमीन बिल्डरला दिली. बदल्यात दोन फ्लॅट मिळणार होते, अगदी सारखे. फरक एवढाच की एकातून खाडी दिसते आणि दुसऱ्यातून हायवे. दोघांनाही खाडी हवी. दादा वडिलांबरोबर त्या खाडीलगतच्या मिठागरात राबलेले. त्यांना म्हातारपणी तिच्याकडे बघत बसायचं होतं. जितूला व्ह्यू हवा होता, कारण ब्रोशरमध्ये तोच पहिल्या पानावर होता.

वकील झाले, गावचे पंच झाले, मामा झाले. गावदेवीच्या जत्रेआधी घरातलं भांडण घरात मिटलं पाहिजे, असा त्यांच्या घरचा नियम. शेवटी आईनंच निकाल दिला. लहानपणी सायकल कोणी न्यायची, पुढच्या सीटवर कोणी बसायचं, हे सगळं ही पोरं टीव्ही गेमवर ठरवायची. तर हेही तसंच ठरवा. पंचांनी माना डोलावल्या. ह्यापेक्षा कमी खर्चाचं कोर्ट त्यांनाही माहीत नव्हतं.

गेम म्हणजे दोन शिपाई बंदुका घेऊन पळतात तो. ज्याच्या लाईफ आधी संपतील तो हरला. पहिल्या खेळाडूच्या लाईफ पडद्यावर वर डावीकडे दिसतात, दुसऱ्याच्या उजवीकडे. दादा थोरले म्हणून पहिला कंट्रोलर त्यांचा, हे लहानपणापासून ठरलेलं. आणि आता नेमकी डावी कड टीव्हीबाहेर गेली होती.

मी टीव्हीकडे पाहिलं आणि जरा चमकले. टीव्ही भिंतीच्या मध्यावर नव्हता, चांगला वीतभर उजवीकडे होता.

"हा टीव्ही असा का लावलाय?"

"चित्र डावीकडं सरकलेलं ना मॅडम," जितू म्हणाला. "म्हणून सुताराला बोलवून अख्खा युनिटच उजवीकडं घेतला. आता चित्र बरोब्बर सेंटरला येतंय. भिंतीच्या."

"आणि डावीकडचा कापलेला भाग?"

"तो नाय आला."

सुतारानं काम मात्र सुबक केलं होतं. कोपरे अगदी नीट बसवले होते.

मी आधी टीव्हीची सेटिंग्ज बघितली. काही टीव्ही चित्र थोडं मोठं करून चारी कडा कापतात, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. इथे मात्र फक्त डावी कड गेली होती आणि उजवीकडे काळी पट्टी होती. म्हणजे चित्र कापलेलं नव्हतं, सरकलेलं होतं. टीव्हीला माझ्या बॅगेतला दुसरा गेमचा डबा जोडून पाहिला. चित्र जागेवर. आरोपी ह्यांच्या डब्यातच होता.

"हा गेम कोणी उघडलेला?"

दादांनी जितूकडे बोट केलं. "त्यानं कल्याणला नेलेला. मॉडिफाय करायला. मना न इचारता."

"अरे, जुना पिन नव्या टीव्हीत जातच नाय! मग काय करू, तुझ्यासाठी जुना टीव्ही आणू भंगारातून?"

मी गेम उघडला. आत एक छोटा नवा बोर्ड बसवला होता, जुन्या गेमचा सिग्नल नव्या टीव्हीला समजेल असा करून देणारा. मी माझा स्कोप लावला. स्कोप म्हणजे सिग्नल रेघेच्या रूपात दाखवणारं यंत्र. दोघे भाऊ दोन्ही बाजूंनी त्यात डोकावले.

त्यांना मी असं समजावलं. टीव्हीवरचं चित्र रेघारेघांनी बनतं. प्रत्येक रेघ सुरू होताना गेम टीव्हीला एक इशारा देतो, त्याला सिंक म्हणतात. शाळेत पीटीचे सर शिट्टी मारायचे, मग रांग निघायची. सरांची शिट्टी उशिरा वाजली तर पुढची पोरं आधीच निघून गेलेली असणार. टीव्ही शिट्टीपासून मोजतो, म्हणून ती पुढची पोरं त्याच्या हिशोबातच येत नाहीत. ती पोरं म्हणजे चित्राची डावी कड.

"म्हणजे माझ्या लाईफ निघून गेल्या," दादा म्हणाले.

"तसंच."

शिट्टीला उशीर करत होता तो सिंकच्या वायरवरचा एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून ठेवणारा भाग. गरजेपेक्षा बराच मोठा. हाताला लागला तो लावला असणार.

"मॅडम, ह्यानं मुद्दाम करून घेतला का, तेवढंच सांगा." दादांचा आवाज खाली आला होता. आईही माझ्याकडे बघत होती. फ्लॅटपेक्षा ह्या उत्तराची त्यांना जास्त भीती होती, हे मला कळलं.

"मुद्दाम करायला अक्कल लागते दादा. हे नुसतं घाईत केलेलं काम आहे."

जितूला ह्यात आपली सुटका झाली की अपमान, ते ठरवता येईना. आई मात्र उठून चहा टाकायला गेली.

मी छोटा कपॅसिटर लावला. चित्र सरकून नीट टीव्हीच्या मध्यावर आलं. दादांच्या लाईफ डाव्या कोपऱ्यात झळकल्या. टीव्ही अर्थात भिंतीच्या एका बाजूला गेलेलाच दिसत होता. जितूनं लगेच सुताराला फोन लावला.

"आत्ताच होऊन जाऊ दे," आई म्हणाली. "बाय हाय तवर. मागाहून कोन बोलाला नको."

तर मी पंच झाले. दादा जोरात सुरू झाले. पण ज्या कोपऱ्यासाठी ते एवढे भांडले, त्यांची नजर आता सारखी त्याच कोपऱ्यात. एक लाईफ गेली की तिकडे बघायचे, तेवढ्यात दुसरी जायची. चित्र सरकलेलं असताना ते बेधडक खेळत असणार. मी त्यांना स्वच्छ चित्र दिलं आणि त्यांना आपलं हरणंही अगदी स्वच्छ दिसलं. मला मनापासून वाईट वाटलं.

"झाला," दादा म्हणाले आणि कंट्रोलर हळूच खाली ठेवला. "खाडी तुझी."

नव्या टॉवरचा ताबा मिळाल्यावर जितूचा पुन्हा फोन आला. पिक्चर क्वालिटीची तक्रार होती. मी गेले. दिवाणखान्यात भिंतभर मोठा टीव्ही, आणि समोर भिंतभर मोठी खिडकी. दादा तिथेच होते. रोज दुपारी येतात म्हणे. टीव्हीकडे पाठ करून ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"बघा ना मॅडम," जितू म्हणाला. "काळा सीन आला की स्क्रीनवर खाडी दिसते."

टीव्ही चांगला होता, केबल चांगली होती. खिडकी टीव्हीच्या बरोबर समोर असली की असं होणारच. उपाय एकच, आणि तो मी सांगितला. जाड, गडद पडदे लावा आणि टीव्ही चालू असताना ओढून घ्या.

"टीव्ही तर दिवसभर चालू असतो," जितूची बायको म्हणाली.

दादांनी मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची तेवढी काचेच्या आणखी जवळ ओढली.

कारखान्यात आम्हाला शिकवलं होतं, ग्राहक दाखवेल तो दोष काढायचा. दोष कशाला म्हणायचं, ते ग्राहक ठरवतो. पडदे पुढच्याच आठवड्यात लागले. चित्र आता अगदी स्वच्छ येतं, असं जितूनं कळवलं.