व्हर्नाच्या बंदुकीतली खोट

शिकंज्याचा दांडा मी एक आटा जास्तच फिरवला आणि माझ्या नव्या बंदुकीचा मेपलचा दस्ता पुढच्या निमुळत्या टोकाला कट्कन चिरला. घाई मलाच झाली होती. शेजारच्या व्हर्ना स्टिडमने अगदी तशीच सुट्या भागांची पेटी मागवली होती, आणि तिच्याआधी बंदूक तयार करायची असं मी ठरवून बसलो होतो.

केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात ठासणीच्या बंदुकांचा क्लब आहे. ऑक्टोबरच्या नेमबाजीला वर्षभरात घडवलेल्या बंदुका घोंगडीवर मांडतात. ज्याची सगळ्यांत सुबक, त्याला पहिला बार काढायचा मान. सहा वर्षं तो माझा. सातव्या वर्षी शाळेच्या बसवरून रिटायर झालेली एक ड्रायव्हरीण तो घेऊन जाणार, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

एकतीस वर्षं व्हर्नाने डोंगरातल्या वळणांवरून पोरं शाळेत पोचवली. एखाद्याला बूट सापडत नसला तर ती दारात बस उभी करून थांबायची. हॉर्न नाही, ओरडणं नाही. नुसती बघायची. बूट सापडायचा. बंदुकीशीही तिचं तसंच चाललं होतं. चापाच्या पोलादी पट्टीला मेणबत्तीची काजळी धरायची, पट्टी लाकडाच्या खाचेत दाबायची, काढायची, आणि लाकडावर जिथे काळा डाग उठेल तिथलाच कण तासायचा. पुन्हा काजळी. सबंध हिवाळा!

मी माझ्या चिरेत सरस भरला आणि रोज तिच्या गॅरेजात हजर. मदतीला, असं म्हणायचो.

"व्हर्ना, इथे पट्टी वर आलीय बघ."

"हं."

"आणि इथे, शेपटाकडे. केसभरच, पण आहे."

"हं. कॉफी घे, डेल्बर्ट."

कॉफी पिऊन मी मोठ्या समाधानाने घरी यायचो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर ती जागा गुळगुळीत! मग नवी खोट शोधणं आलं.

"एवढं टक लावून स्वतःच्या बंदुकीकडे बघितलं असतंस तर?" आमची बायको म्हणाली. तिला यातलं काही कळत नाही.

ऑक्टोबरात परीक्षक हॉबर्टकाका डोळे मिटून लाकूड-लोखंडाच्या सांध्यावरून नख फिरवत गेले. माझ्या बंदुकीवर नख तीनदा अडकलं. व्हर्नाच्या, कुठेच नाही.

"काका, तुमचं नख झिजलंय," मी म्हणालो. "नायलॉनच्या मोज्याने बघा, तो केसभरालाही अडकतो."

"बरं. काढ तुझा."

लोक हसले. शेवटी काकूंनी गाडीतून आपला जुना पायमोजा आणून दिला. व्हर्नाच्या बंदुकीवरून तो ओल्या साबणावरून हात फिरावा तसा सरकला. माझ्या चिरेत जो अडकला, तो फाटूनच निघाला.

"मेल्या, आता नवा आणून दे!" काकू ओरडल्या.

व्हर्नाने दारू ओतली, गोळी ठासली आणि पहिला बार काढला. पांढऱ्या धुरात सगळे टाळ्या वाजवत होते. मी हात खिशातच ठेवले. धुरात कोण बघतंय!

धूर विरल्यावर मात्र राहवेना. तिच्याजवळ गेलो.

"व्हर्ना, खरं सांगतो, मी रोज येऊन खुसपटं काढत होतो ती निव्वळ मत्सरापोटी. तुला राग नाही आला?"

नळी पुसायच्या गजाला चिंधी गुंडाळत ती म्हणाली, "राग कसला, तू बोट ठेवशील तिथे मी तासत होते."